सहा कवड्या, दोनशे दानं: संभाव्यतेच्या वहीतून

मंडळी, मागच्या नोंदीत लिहिलं होतं की नाणी आणि फासे पुरे झाले, आता कवड्या घेते. तुळशीबागेतल्या पूजेच्या सामानाच्या दुकानातून सहा कवड्या आणल्या आणि गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी आई आणि मी दानं टाकत बसलो आहोत. वही भरत आली म्हणून ही नोंद.

कवडीच का? नाण्याच्या बाबतीत आपण छापा-काटा निम्मा-निम्मा धरून चालतो, फाशाला एक षष्ठांश. म्हणजे संभाव्यता आधीच हातात असते आणि मोजणी नुसती पडताळणी ठरते. कवडीचं तसं नाही. एक बाजू फुगीर, दुसरी चपटी आणि फट असलेली. ती उताणी (फट वर) पडण्याची संभाव्यता कुठल्याही सूत्रातून निघत नाही, टाकून मोजावीच लागते. आईला विचारलं तर म्हणाली, "अगं, पालथीच जास्त पडते. पटावर बसलेल्या कुणालाही विचार." मला तो आकडा हवा होता.

पहिली साठ दानं मी खोडली. गोधडीवर बसून टाकत होते आणि कवड्या न घरंगळता हातातून जशा सुटत तशाच पडून राहत होत्या. आधीच्या दानात उताणी असलेली पुन्हा उताणीच, असं बरेचदा झालं. द्विपद वितरणाची (ठरावीक टाकांत किती उताण्या पडतील याच्या संभाव्यता सांगणारं सूत्र) पहिली अट म्हणजे प्रत्येक टाक स्वतंत्र हवी, आणि इथे तीच मोडत होती. मग फुलपात्रात दहा वेळा खुळखुळवून लाकडी पाटावर ओतायचं ठरवलं. पाटावर कवड्यांचा टणटण आवाज येतो, दोन-तीन उड्या मारून त्या स्थिरावतात. तेव्हापासूनच्या दोनशे दानांचा हिशेब देते.

एकही उताणी नाही: ११ वेळा. एक उताणी: ३८. दोन: ५८. तीन: ५४. चार: २९. पाच: ९. सहाही उताण्या: १.

एकूण १२०० कवड्या पडल्या, त्यांतल्या ४८३ उताण्या. म्हणजे ०.४०. कवडी नाण्यासारखी समतोल असती तर १२०० मध्ये सुमारे ६०० उताण्या पडायला हव्या होत्या आणि प्रमाण विचलन (नुसत्या योगायोगाने पडणाऱ्या फरकाचं माप) साधारण १७ आलं असतं. आपण ६०० पासून ११७ ने खाली आहोत, जवळजवळ सात प्रमाण विचलनं. हा योगायोग नव्हे, आई बरोबर होती.

आता ०.४ धरून द्विपद वितरण मांडलं. सहांपैकी कुठल्या दोन उताण्या हे १५ प्रकारांनी निवडता येतं, म्हणून दोन उताण्यांची संभाव्यता १५ × ०.४² × ०.६⁴ = ०.३११. दोनशे दानांत ६२ अपेक्षित, मिळाली ५८. सगळ्या रकान्यांचे अपेक्षित आकडे ओळीने असे: ९, ३७, ६२, ५५, २८, ७, १. दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. याकोब बर्नुली या गणितज्ञाचा या विषयावरचा ग्रंथ १७१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी छापला गेला. त्यातलं गणित माझ्या पाटावर उतरलं होतं. नळाख्यानात बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं न मोजता सांगणारा ऋतुपर्ण राजाच नळाला अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या देतो. अंदाज आणि फासे यांचं नातं आपल्याकडे कथेतही एकत्रच आलंय, हे मला फार आवडतं.

तुमच्यातले जाणकार प्रचरण (आकडे सरासरीभोवती किती पसरले याचं माप) विचारतील. माझ्या दानांचं १.५७ आलं, सूत्राप्रमाणे १.४४. दोनशे दानांत एवढा फरक सहज पडतो, त्यामुळे कवड्या एकमेकींना धक्का देऊन निकाल बदलतात असा निष्कर्ष मी काढत नाही.

खरी गंमत कवड्यांनी पटावर खेळायच्या आमच्या घरच्या नियमात सापडली. सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस, एकच उताणी असेल तर दहा, पुढे जितक्या उताण्या तितकी घरं. (तुमच्याकडे नियम वेगळा असेल तर जरूर सांगा.) नाण्यासारख्या निम्म्या-निम्म्या कवड्या असत्या तर एका दानाचं अपेक्षित मूल्य (खूप दानांची सरासरी) ४.२३ घरं झालं असतं. ०.४ च्या कवडीला ते ५.२५ होतं, म्हणजे दर दानाला एक घर जास्त. माझी दोनशे दानं मिळून ११०० घरं झाली, सरासरी ५.५. या नियमाला पालथं पडणंच फायद्याचं आहे आणि कवडीचा कलही तिकडेच. सहाही उताण्या हे सगळ्यांत दुर्मीळ दान, सरासरी २४४ दानांतून एकदा येणारं, त्याला मात्र फक्त सहा घरं! ते १६३ व्या दानाला पडलं तेव्हा आईने मला हाक मारली होती, मी दूध उतू जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरात गेले होते आणि दान तिने टाकलं होतं.

त्याआधी ती दोन-तीनदा म्हणाली होती, "इतका वेळ नाही पडलं, आता पडायलाच हवं." मी तिला भूमितीय वितरण (एखादं दान पहिल्यांदा पडेपर्यंत किती दानं लागतील याचं) सांगितलं: शंभर दानं कोरडी गेली तरी पुढची सरासरी प्रतीक्षा २४४ च राहते, कवडीला मागचं आठवत नाही. ती पटकन म्हणाली, "मग आपल्यालाच कशाला आठवतं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पाऊस सुरू झाल्यावर दुसरा प्रयोग केला, प्वासाँ वितरणाचा (विखुरलेल्या घटना एकेका चौकटीत किती येतील याच्या संभाव्यता सांगणारं सूत्र). खाकी कागदावर तीन-तीन सेंटिमीटरच्या शंभर चौकटी आखल्या, ताटावर चिकटवल्या आणि भुरभुर सुरू असताना गच्चीवर काही सेकंद धरून आत आणल्या. खाकीवर थेंब गडद दिसतो, पण पटकन पसरतो, म्हणून लगेच बॉलपेनने गोल करत गेले. रेघेवर पडलेला थेंब उजवीकडच्या किंवा खालच्या चौकटीत धरायचा हे आधीच ठरवलं होतं, नाहीतर मोजताना मन झुकतं.

१२० थेंब, दर चौकटीला सरासरी १.२. रिकाम्या चौकटी ३१, एका थेंबाच्या ३६, दोनच्या १९, तीनच्या १०, चारच्या ४. प्वासाँप्रमाणे अपेक्षित ३०, ३६, २२, ९, ३. सरासरी आणि प्रचरण या वितरणात सारखं असायला हवं, माझं प्रचरण १.२२ आलं.

कागद कुणालाही दाखवला की पहिला प्रश्न येतो: इथे इतके थेंब का, तिथे मोकळं का? पाऊस सगळीकडे सारखाच पडत होता. यादृच्छिक म्हणजे समान अंतरावर नव्हे, त्यात झुबके येतातच. १९४४ मध्ये दक्षिण लंडनवर पडलेल्या जर्मनीच्या उडत्या बाँबबद्दल लोकांना असंच वाटत होतं की काही भाग हेरून मारले जातात. आर. डी. क्लार्क या विमागणितीने तो परिसर ५७६ चौकटींत विभागला, ५३७ बाँब मोजले आणि १९४६ मध्ये दाखवून दिलं की आकडे प्वासाँशी जुळतात: २२९ चौकटी रिकाम्या, सूत्राप्रमाणे २२७. माझ्या खाकी कागदाकडे बघताना त्या नकाशाची आठवण येते आणि अंगावर काटा येतो.

प्रसामान्य वितरणाला (घंटेच्या आकाराच्या वक्राला) अजून हात घातलेला नाही. वीस-वीस कवड्या लागतील, पुन्हा तुळशीबाग.

त्याआधी एक शंका फेडायची आहे. सहाही कवड्यांचा कल सारखाच आहे असं मी धरलंय. नेलपॉलिशचे वेगवेगळे ठिपके लावून आणखी शंभर दानं टाकली. पाच जणी ३५ ते ४२ वेळा उताण्या पडल्या, पण कडेला टवका गेलेली सगळ्यांत छोटी ५२ वेळा. मात्र सहांतली सगळ्यांत वेगळी म्हणूनच मी तिला निवडलंय, त्यामुळे हे ५२ पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत. तिला नव्याने, एकटीलाच टाकायला हवं. रविवारपासून ती फुलपात्रात एकटी आहे. आज संध्याकाळपर्यंत ४० टाका, १७ उताण्या.