भुरी तेराव्या रात्री अंड्यांवरून उठली

मंडळी, आमच्या भुरी कोंबडीला ९ जूनला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवल्याचं मागे कळवलं होतं. ३० जूनला थेट पिल्लंच दाखवीन असंही लिहून बसले होते. तसं झालं नाही. तेराव्या रात्री भुरी अंडी सोडून उठली. ती का उठली याचा छडा लावण्यात आणि ते निस्तरण्यातच पुढचे पंधरा दिवस गेले, म्हणून हा मजकूर बराचसा त्यावरच आहे.

टोपलीत नऊ अंडी होती, सगळी कडकनाथची. आमच्या सहा कडकनाथ अंडी घालतात झकास, पण खुडूक बसायचं नाव नाही. त्या जातीचा स्वभावच तसा. त्यामुळे माझी सगळी भिस्त भुरीवर. गावरान, वजनाला बेताची, दोन वर्षांत तीन रवणी पुऱ्या केलेली. जी कोंबडी दाणे टिपायलाही दहा मिनिटांपेक्षा जास्त उठत नाही, ती २२ जूनच्या रात्री साडेअकराला पाण्याच्या पिंपावर उभी दिसली. पावसाची सर आली म्हणून ताडपत्री बघायला गेले होते, नाहीतर सकाळपर्यंत कळलंही नसतं. अंडी हाताला कोमट लागली. म्हणजे उठून फार वेळ झाला नव्हता.

थर्मोकोलचं खोकं घरात होतंच. ४० वॅटचा पिवळा बल्ब, वाटीत पाणी, वर दोन भोकं. तापमानासाठी ऑनलाइन मागवलेला डिजिटल मीटर लावला, पण मनाला पटेना, म्हणून शेजारी तापाचं थर्मामीटर ठेवलं. मीटर ३६.६ सांगत होता आणि थर्मामीटर ३७.८! सव्वा अंशाचा फरक म्हणजे अंड्यातल्या पिल्लाच्या जिवाशी खेळ. मीटरवर विसंबून बल्ब मोठा लावला असता तर मीच ती उकडून मारली असती. इनक्युबेटर वापरणाऱ्यांनी कृपा करून आपापला मीटर तापाच्या थर्मामीटरशी ताडून बघा. ते ३७–३८च्या टप्प्यासाठीच बनवलेलं असतं आणि घरात असतंच. फक्त ते झटकल्याशिवाय उतरत नाही, तेवढं लक्षात ठेवायचं.

आता मूळ दुखणं. टोपलीतलं शेवटचं अंडं उचलताना भुशात हात गेला आणि कोपरापर्यंत काहीतरी सरसरत चढलं. टॉर्च धरला तर मोहरीच्या निम्म्या आकाराचे तांबूस ठिपके चालत होते. खुराड्याच्या बसायच्या दांडीखाली पांढरा रुमाल ओढला, रुमालावर रक्ताची रेघ उमटली. दांडी जिथे फळीत बसवली आहे त्या खाचेत तर थरच्या थर.

त्यानंतर मागचा सगळा महिना एकेक करून आठवत गेला. मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता, तेव्हापासून कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरेनात. पेरूच्या झाडावर चढून बसायच्या. मला वाटलं धामण आली असेल, नाहीतर मुंगूस. तीन रात्री जमिनीवर पीठ भुरभुरून ठेवलं, एकही पाऊल उमटलं नाही. मोठ्या मुलाचा जुना मोबाइल लावून रात्रभर चित्रण केलं. त्यात एवढंच दिसलं की कोंबड्या सारख्या पाय उचलतायत, चोचीने पोट खाजवतायत. अंडी दिवसाला सातावरून तिनावर आली. तुरे फिकट पडले. ज्या दुकानातून मी खाद्य घेते तिथल्या माणसाने बघताक्षणी ‘गर्मी आहे’ म्हणून पाच दिवसांचं टॉनिक दिलं. बेचाळीस अंशांत कोंबड्या धापा टाकतातच, त्यामुळे मलाही ते पटलं. पण उन्हाने तुरा पांढरा पडत नाही. तुरा पांढरा पडतो तो रक्त कमी झाल्यावर.

आणखी तीन खुणा रोज समोर होत्या. अंड्यांच्या टरफलावर बारीक तांबडे ठिपके यायचे, ते मी ओल्या फडक्याने पुसून टाकत होते. दांडीच्या सांध्याशी राखेसारखी करडी भुकटी जमायची, ती मी लाकूड पोखरणाऱ्या किड्याची समजले. आणि माझ्या हातांवर जे पुरळ उठलं होतं त्याला घामोळ्या म्हणून पावडर लावत होते. तिन्ही खुणा एकाच प्राण्याच्या निघाल्या. नऊ वर्षं कोंबड्या पाळून हे ओळखता आलं नाही याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या महिन्यात माझ्या अकरा कोंबड्या रोज रात्री रक्त देत होत्या.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या रिकाम्या बाटलीत नमुना घालून इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले. तिथे मायक्रोस्कोपखाली बघून सांगितलं, लाल माइट, डर्मॅनिसस गॅलिनी. मला खुराड्यातल्या गोचिडीची भीती होती. तीसुद्धा फटीत राहते आणि रात्रीच चावते, पण चांगली मोठी आणि चपटी असते. हा माइट एक मिलिमीटरच्याही आत. उपाशी असला की करडा, प्यायला की लाल. मुख्य गोष्ट अशी की तो कोंबडीच्या अंगावर राहत नाही. रात्री चढतो, थोडा वेळ रक्त पितो आणि उतरून फटीत जातो. म्हणून दिवसा कोंबडी कितीही उलटीपालटी करून बघा, अंगावर काही सापडत नाही. या हवेत अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत सात ते दहा दिवस पुरतात, आणि काही न खाता तो महिनोन् महिने जगतो.

हे शेवटचं ऐकल्यावर माझा बेत तिथेच बदलला. घरून निघताना ठरवलं होतं की खुराडं पंधरा दिवस रिकामं ठेवायचं. त्याने काहीच साधलं नसतं.

२४ तारखेला सगळ्यांना गाडीच्या शेडमध्ये जाळी लावून हलवलं आणि खुराडं सुटं केलं. ज्या सागवानी फळ्यांचं मी मागे इतकं कौतुक केलं होतं, त्यांच्या प्रत्येक जोडात वस्ती होती. दोन फळ्या एकमेकींवर जिथे टेकतात तिथे नखभर जागाही पुरते त्यांना. भुसा आणि टोपली जाळली. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, त्यामुळे आदल्या दिवशीच पिंपं भरून ठेवली होती. बंब पेटवून कढत पाणी सांध्यासांध्यांत ओतलं. वाळल्यावर डॉक्टरांनी दिलेलं औषध रिकाम्या खुराड्यावर फवारलं आणि इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेला चुना दाट कालवून फटी बुजवल्या. औषधाने माइटची अंडी मरत नाहीत, म्हणून सातव्या दिवशी पुन्हा फवारायचं. दुसरी फेरी १ जुलैला झाली, तिसरी ८ला आहे. कडुनिंबाची धुरी कुणी सुचवेल तर मी आधीच करून पाहिली आहे. डास गेले, माइट जागच्या जागी. डायटोमेशियस अर्थची, म्हणजे किडे मारायच्या मातीसारख्या भुकटीची, महाग पिशवीही आणली होती. ती भुकटी कोरडी असेल तरच काम करते. पावसाळ्यात तिचा चिखल होतो. उन्हाळ्यात विकत घेतली असती तर पैसे सार्थकी लागले असते.

दांड्यांचं काय करायचं हा प्रश्न राहिला. आधी ठरवलं, लाकडी दांडी काढून लोखंडी पाइप टाकायचा, कारण त्याला खाचा नसतात. सुताराला तसं सांगूनही झालं. पण हे लिहायला बसले आणि सासूबाईंचं दुधाचं कपाट डोळ्यांसमोर आलं. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असतात. दांडीही तशीच का नको? भिंतीला न टेकणारी, स्वतःच्या दोन पायांवर उभी, घोडीसारखी. माइटला कोंबडीपर्यंत पोचायला त्या दोन पायांखेरीज वाट राहणार नाही. वाट्यांत तेल ठेवलं तर कोंबड्या सांडतील, तेव्हा पायांना खालून वीतभर ग्रीसचा पट्टा. मग दांडी लाकडाचीच ठेवता येईल. ते मला हवंच आहे, कारण थंडीत पाइप गार पडतो आणि कोंबडीला रात्रभर पायांखाली ऊबदार लाकूड लागतं. सुताराला उद्या सकाळीच फोन करते. वाट्या, ग्रीस किंवा आणखी काही कुणी वापरलं असेल तर अनुभव लिहा.

माइट किती उरलेत हे कळायला खोक्याच्या नळीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या दांडीखाली बांधल्या आहेत. दिवस उजाडला की ते त्या नळ्यांत लपतात. दर तीन दिवसांनी पट्टी पिशवीत बंद करून आणायची, पांढऱ्या ताटावर झटकायची, मोजायची, जाळायची. ३० जूनला दोनशेच्या पुढे मोजणं सोडून दिलं. ३ जुलैला चाळीस. आज सकाळी सात! ताटात सात मोजले तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून मोजले.

आणि भुरी. अंडी खोक्यात आल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “अगं, तिला चावत होतं म्हणून उठली ती. तिची खोड गेली नाही अजून. राखेत बसवून बघ.” त्या देवासच्या. त्यांच्या माहेरी रवणीच्या पाटीत आधी चाळलेली राख, वर कडुनिंबाचा पाला आणि मग गवत घालायचे. घरभर राख होते म्हणून मी आजवर ते टाळत आले होते. त्यांनीच बंबातली राख चाळली, भुरीच्या पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी चोळली, आणि नवी पाटी मागच्या ओसरीत, खुराड्यापासून लांब ठेवली. आत आधी नुसती दोन चिनीमातीची अंडी. भुरी पाटीभोवती फिरली, गवत चोचीने मागे टाकलं आणि दहा मिनिटांत पसरून बसली. रात्री नऊ वाजता एकेक खरं अंडं तिच्या पोटाखाली सरकवलं. टॉर्चवर पाहिलं तेव्हा नवांपैकी सहांत हालचाल होती, तीन काळवंडून स्थिर झाली होती. ती वेगळी काढली.

१ जुलैला पहाटे, म्हणजे बाविसाव्या दिवशी, पहिलं टरफल तडकलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच बाहेर आली. सहावं चोच मारून थांबलं आणि गेलं. पाचही निळसर काळी, पाठीवर गडद पट्टे. भुरी त्यांना ओसरीतून खाली उतरू देत नाही, मलाही हात लावू देत नाही, आणि तिचा तुरा पुन्हा लाल होऊ लागलाय. खुराड्यातल्या बाकीच्या जणी काल सातच्या सुमारास आपणहून आत गेल्या, पेरूवर एकही नव्हती. अंडी तीनवरून पाचवर आली आहेत. औषध फवारल्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत ही अंडी मी खात नाही आणि कुणाला देतही नाही.

पिल्लांना मानमोडी रोगाची लस द्यायची राहिली आहे. पिल्लं बुधवारी सात दिवसांची होतील, तेव्हा लासोटा या लसीचा एकेक थेंब डोळ्यात घालायचा. मला मिळाली ती सगळ्यांत लहान कुपीसुद्धा शंभर मात्रांची आहे आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. माझ्याकडे पाच पिल्लं आहेत. इंदुरात राऊ, अन्नपूर्णा किंवा केशरबागच्या बाजूला कुणाची लस द्यायची पिल्लं असतील तर मंगळवारपर्यंत कळवा. मी बर्फाच्या थर्मासमध्ये घेऊन येते, पंच्याण्णव थेंब आहेत.