तुम्ही विचारलंत म्हणून: पद्मिनीचे पार्ट अजून मिळतात का?

माझी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी फियाट, घेऊन निघालो की पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या गेटवर, सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षातून, मला प्रश्न एकच येतो: "अहो, हिचे पार्ट मिळतात का अजून?" विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी कधीकाळी फियाट होती. काहींची गावाकडे शेडमध्ये ताडपत्रीखाली अजून उभी आहे, आणि खरा प्रश्न तिच्याबद्दल असतो.

मिळतात. पुण्यात नाना पेठेत मिळतात, मुंबईत कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे आणि चोर बाजारात मिळतात. पण मिळालेला पार्ट बसेलच असं नाही. म्हणून आम्ही हौशी मंडळी दुकानाकडे सगळ्यात शेवटी वळतो. आधी गाडीतला जुना पार्ट उघडून बघायचा.

ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून बनत होती, १९७४ मध्ये तिची पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं. इतकी वर्षं तिचे पार्ट सहज मिळाले ते आपल्यासारख्या घरगुती मालकांमुळे नव्हे, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळे. टॅक्सी रोज धावणार, रोज काहीतरी झिजणार, म्हणजे दुकानात माल हलता राहणार. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. गिऱ्हाईकच गेल्यावर नवा माल कोण बनवणार? आता काउंटरवर येतो तो एकतर जुना उरलेला साठा, नाहीतर डुप्लिकेट, ज्याची भोकं अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे असतात.

पण या गाडीची रचनाच उघडून दुरुस्त करण्याची आहे. पेट्रोल पंपाचंच बघा. इंजिनाला बाहेरून लावलेला, कॅमशाफ्टवर चालणारा साधा पंप. आत एक डायाफ्राम (पेट्रोल ओढणारा लवचीक पडदा), दोन व्हॉल्व्ह, एक स्प्रिंग. पेट्रोल चढत नाही म्हणून अख्खा पंप बदलायला सांगणारा मेकॅनिक भेटला तर नमस्कार करून निघा. आतल्या झिजणाऱ्या भागांचं किट मिळतं, आणि ते घरी ओट्यावर बसतं (घरच्यांचा विरोध असेल तर गॅलरीत). दोन्ही अर्धे सुटे करण्याआधी कडेला स्क्रायबरने एक रेघ मारून ठेवायची, म्हणजे जोडताना पाइपांची तोंडं जिथल्या तिथे येतात. घाटात गाडी तापून बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाकायचं, हा खंडाळ्याचा जुना उपाय आजही चालतो, कारण लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होते ती थंडाव्याने पुन्हा बसते.

सध्या मात्र वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने नवीन काम लावलंय. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, आणि इथेनॉल पाणी धरतं म्हणून उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. डायाफ्राम आणि होज व्हायटॉनचे, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबरचेच मागा. दुकानदार "सगळं सारखंच असतं साहेब" म्हणेल. सारखं नसतं.

ब्रेकचंही तसंच. चारही चाकांना ड्रम, प्रत्येकात व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग. सिलिंडर आतून खड्डे पडून गळायला लागला की लोक डुप्लिकेट शोधत फिरतात. त्यापेक्षा चांगल्या लेथवाल्याकडे नेऊन बोअर करून आत पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह (नळीसारखं अस्तर) बसवून घ्या, वर नवीन रबर किट. नंतर एअर, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढायला दोन माणसं लागतात: एक पेडल दाबणारा, एक चाकाजवळच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावून बसलेला. सुरुवात पेडलने चालणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने करायची. आमच्याकडे पेडलवर मुलगी असते. "दाब… धर… सोड" एवढ्या तीन शब्दांत रविवारची सकाळ जाते.

पाने मिलिमीटरचे लागतात, गाडी मुळात इटालियन. अँबॅसेडरवाल्या मित्राचा इंची सेट उसना आणू नका, नटाचे कोपरे जातात.

पत्र्याच्या बाबतीत मी कुणाला धीर देत नाही. इंजिनाचं सगळं होतं, गंजलेला फ्लोअर मात्र पैसे खातो. गाडी विकत घेणार असाल तर खिशात लोहचुंबक ठेवा आणि दरवाज्यांच्या खालच्या कडा, पायाखालचा पत्रा, चाकांच्या कमानी तपासा. चुंबक घसरला तर रंगाखाली पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

कागदांचंही बघून ठेवा. पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर घेता येतो, पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. मला भाजी आणायला गाडी लागते, त्यामुळे मी त्या वाटेला जाणार नाही.

आणि एक, जरा रागाने सांगतो. आमच्यातच काही जण चांगल्या लेथवाल्याचा पत्ता दडवून ठेवतात, आपलं काम मागे पडेल म्हणून. अहो, त्या म्हाताऱ्याकडे काम गेलं नाही तर तो दुकान बंद करून गावी जाईल, मग तुमची स्लीव्ह कोण बसवणार? मी तर विचारेल त्याला पत्ता देतो. फक्त जाताना जुना सिलिंडर पिशवीत घेऊन जा. तोंडी मापावर तो काम घेत नाही, आणि दुपारी एक ते चार त्याचं शटर खाली असतं.