डबलडेकर एवढं झकास, मग बंद का केलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं हे मला लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगनंतर कोणी ना कोणी विचारतंच, कारण माझी उभी नोकरी मुंबई विमानतळावर लोड कंट्रोलमध्ये (विमानात कुठे किती वजन चढवायचं, हे ठरवणारं खातं) गेली. प्रश्न ठरलेला: "दुबईहून लंडनला त्या दुमजली विमानानं गेलो. काय विमान आहे हो! मग ते बनवणं बंद का केलं? आणि जुनं जंबो चांगलं की हे?"

प्रवासी म्हणून विचाराल तर त्या दुमजली विमानाला, म्हणजे एअरबसच्या ए-३८०ला, तोड नाही. खालच्या मजल्यावर एका रांगेत दहा सीट, तरी खांद्याला खांदा घासत नाही. वर आठ, आणि तिथे खिडकीशेजारी भिंतीला लागून झाकणाचा एक कप्पा असतो. शाल, पुस्तक, चकलीचा डबा सगळं हाताशी, उठून वरचं कपाट उघडायला नको. आवाज इतका कमी की मागच्या रांगेतल्या काकांचं घोरणं ऐकू येतं. (हा गुण की दोष, ते ज्याचं त्यानं ठरवावं.)

पण विमान विकत घेतं कोण? एअरलाइन. तिचा हिशेब वेगळा.

एअरबस सांगायची की हे विमान माणशी १०० किलोमीटरला तीन लिटरपेक्षा कमी इंधन खातं. खोटं नव्हतं. फक्त तो हिशेब भरलेल्या विमानाचा होता. हजार पानांचं कार्यालय घेतलं की ताटामागचा खर्च उतरतो, पण सहाशेच पाहुणे आले तर भाडं काही कमी होत नाही. मोठ्या विमानाचं तसंच. सीटमागे खर्च कमी, पण एका फेरीचा खर्च अवाढव्य, आणि फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी पाचशे माणसं आणायची कुठून?

त्यात ते अंगानं जड. रिकाम्या ए-३८०चं वजन सुमारे २७७ टन, बोइंग ७७७-३००ईआरचं सुमारे १६८. एकाच एअरलाइनमध्ये पहिल्यात पाचशेच्या आसपास आणि दुसऱ्यात साडेतीनशेच्या आसपास सीट असतील, तर सीटमागे वाहायचं लोखंड (म्हणजे ॲल्युमिनियम वगैरे) डबलडेकरमध्येच जास्त. याचं एक कारण पंख. पुढेमागे याहून लांब आवृत्ती काढायची म्हणून पंख आधीच दांडगा करून ठेवला. ती आवृत्ती कधी आलीच नाही. शिवाय विमानतळांवर मावावं म्हणून पंखांचा विस्तार ८० मीटरच्या आत बसवायचा होता, म्हणून पंख लांब-निमुळता न होता रुंद झाला. इंधन वाचवायला नेमका उलटा आकार हवा असतो.

इंजिनांचं नशीबही फुटकं. ए-३८० ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूर-सिडनी मार्गावर सेवेत आलं, आणि चारच वर्षांनी बोइंगचं ड्रीमलायनर (७८७) बरंच कमी इंधन पिणारी नव्या पिढीची इंजिनं घेऊन उतरलं. एमिरेट्स एअरलाइनचे प्रमुख टिम क्लार्क नवी इंजिनं बसवा म्हणून मागे लागले होते, पण एका गिऱ्हाइकासाठी कोण एवढा खर्च करणार?

खरा घाव मात्र दोन इंजिनांच्या विमानांनी घातला. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला, एक बंद पडलं तर तासाभरात उतरता येईल अशा विमानतळाच्या आसपासच राहावं लागायचं. त्यामुळे समुद्रापारच्या लांब मार्गांवर तीन नाहीतर चार इंजिनं हवीत, असं सगळे धरून चालायचे. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर गेली, पुढे १८० आणि त्याहून वर. तिथेच तीन-चार इंजिनांची सक्ती संपली. देखभाल चारांची करायची की दोनांची, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

आता माझ्या खात्याची गोष्ट, जी लोकांना खरीच वाटत नाही. एवढं थोरलं विमान, पण पोट लहान! सामानाचे जे ठरावीक मापाचे डबे असतात, एलडी-३, ते ए-३८०च्या पोटात जास्तीत जास्त ३८ बसतात. ७७७-३००ईआरमध्ये ४४. आता पाचशे प्रवासी, माणशी दोन बॅगा, एका डब्यात साधारण पस्तीस-चाळीस बॅगा. करा हिशेब. पंचवीस ते एकोणतीस डबे बॅगांनीच भरले, मालाला उरले नऊ ते तेरा. ट्रिपल सेव्हनमध्ये साडेतीनशे प्रवाशांच्या बॅगा अठरा ते वीस डब्यांत आटोपतात आणि चोवीस ते सव्वीस मोकळे राहतात. मुंबईहून निघणाऱ्या विमानात त्या जागेत औषधं जातात, भाजी जाते, एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या जातात. त्या भाड्यावर कितीतरी फेऱ्या तरतात. वरून पाहणाऱ्याला विमानाची उंची दिसते, लोड शीट भरणाऱ्याला पोट दिसतं.

जंबो, म्हणजे बोइंगचं ७४७, याच बाबतीत हुशार निघालं. ७४७ काढलं तेव्हा बोइंगला वाटत होतं की प्रवासी लवकरच आवाजाहून वेगवान विमानांत जातील आणि हे विमान मालवाहतुकीला लागेल. म्हणून कॉकपिट वर चढवलं, नाक उघडून माल आत सारता यावा यासाठी. जंबोच्या डोक्यावरचं ते कुबड असं आलं. शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये दिलं गेलं तेही मालवाहूच. एकूण १,५७४ बनली. ए-३८० गिऱ्हाइकांना दिली गेली २५१, शेवटचं डिसेंबर २०२१ मध्ये, आणि मालवाहू एकही नाही. ज्यांनी मागणी नोंदवली होती त्यांनीही ती रद्द केली.

प्रेमाचं विचाराल तर माझं मत जंबोला. १९७१ मध्ये एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' आलं, आणि आमच्या पिढीला परदेश म्हणजे तेच ठाऊक. पण त्याची शेवटची प्रवासी आवृत्ती, ७४७-८, घेणाऱ्या एअरलाइन तीनच: लुफ्तान्सा, कोरियन आणि एअर चायना. तेही चार इंजिनांचंच ना!

मग एमिरेट्सला कसं परवडतं? त्यांनी १२३ घेतली. दुबई चोवीस तास उघडं, आशिया आणि युरोपच्या मधोमध, आणि शंभर गावांचे प्रवासी एका जागी गोळा करून पुढे पाठवायचे हाच धंदा. तिथे पाचशे माणसं सापडतात. किंगफिशरनंही पाच मागवली होती. एकही आलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं.

तुम्हाला पुढच्या वेळी निवड असेल तर माझा सल्ला: ए-३८० मिळालं तर वरच्या मजल्यावरची खिडकी घ्या. ते नसेल तर एअरबसचंच ए-३५०, पण एका रांगेत नऊच सीट आहेत ना ते आधी बघा, काही कंपन्या दहा कोंबतात. ट्रिपल सेव्हनच्या इकॉनॉमीत आता बहुतेक ठिकाणी दहाच असतात, आणि त्या डबलडेकरच्या दहाहून चांगल्याच अरुंद.