तुम्ही विचारलंत म्हणून: दान्तेच्या लांडगीचा अर्थ काय?

चौदाव्या शतकातला इटालियन कवी दान्ते याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्याचा नरकावरचा भाग म्हणजे ‘इन्फेर्नो’. त्याच्या पहिल्याच सर्गात तीन जनावरं (ठिपकेदार कातडीचं एक चपळ जनावर, सिंह आणि लांडगी) दान्तेची वाट अडवतात. त्यांचा नेमका अर्थ काय, आणि त्या काळच्या इटालियन कवितेतला कुठला प्राणी कशाचं प्रतीक आहे याची यादी मिळेल का, असं वाचक नेहमी विचारतात. यादी करता येईल, पण ती लवकरच दगा देईल. पहिल्या सर्गातला भुकेला सिंह बहुतेक टीकाकारांनी गर्व मानला आहे. त्याच महाकाव्याच्या पापक्षालनावरच्या भागात, म्हणजे ‘पुर्गातोरिओ’त, सहाव्या सर्गात मात्र कवी सोर्देल्लो विसावलेल्या सिंहासारखा बघत बसलेला आहे, आणि तिथे सिंह म्हणजे निव्वळ भारदस्तपणा. धर्मग्रंथांच्या परंपरेत तर सिंह खुद्द ख्रिस्ताचं प्रतीक आहे.

म्हणून आधी अर्थ शोधू नका. त्या प्राण्याबद्दल तेव्हा लोक काय मानत होते ते शोधा. ‘फिजिओलोगुस’ या जुन्या ग्रीक ग्रंथापासून बेस्टियरींची, म्हणजे प्राण्यांच्या स्वभावकथांच्या पोथ्यांची, परंपरा सुरू होते. त्यांत प्रत्येक प्राण्याला ठरलेले ‘स्वभाव’ असतात. पेलिकन स्वतःची छाती फोडून रक्तानं मेलेली पिल्लं जिवंत करतो. पँथरच्या श्वासाला सुगंध असतो आणि बाकीचे प्राणी त्यामागे खेचले जातात. आपल्या चातक-चकोरांसारखेच हे कविसंकेत, प्राणिशास्त्र नव्हे. पण आपले संकेत तिकडे लावू नका: तिथला हंस नीरक्षीर वेगळं करत नाही, मरणाआधी गातो.

मग कवी तो स्वभाव कुणाला चिकटवतो ते पाहा. सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या सिसिलीच्या दरबारातला जाकोमो दा लेंतीनी (सॉनेटचा, म्हणजे चौदा ओळींच्या सुनीताचा, जनक तोच मानला जातो) एका सॉनेटच्या पहिल्या आठ ओळींत चार प्राणी मांडतो, प्रत्येकाला दोन ओळी. बॅसिलिस्क हा नजरेनं मारणारा कल्पित साप चकचकीत आरशाकडे आनंदानं मरायला जातो, हंस शेवट जवळ आला की अधिक आनंदानं गातो, मोर ऐन खुशीत पाय पाहून खिन्न होतो, फिनिक्स नव्यानं जन्मण्यासाठी जळतो. नंतरच्या ओळींत तो हे चारही स्वभाव त्याच क्रमानं स्वतःच्या प्रेमाला लावतो. क्रम सुटला की कविता नुसती वर्णनं वाटते. या सॉनेटवर चूक होते ती इथेच.

आता लांडगी. हाडकुळी, सगळ्या हावेनं लादलेली, खाल्ल्यावर आणखीच भुकेली. इथे निर्णय त्याच काव्यातल्या दुसऱ्या जागा देतात. ‘पुर्गातोरिओ’च्या विसाव्या सर्गात, लोभ्यांच्या टप्प्यावर, दान्ते ‘पुरातन लांडगी’ला शाप देतो. ‘इन्फेर्नो’च्या सातव्या सर्गात, कंजूष आणि उधळ्यांच्या वर्तुळाच्या दाराशी, तिथला राखणदार प्लुतो याला ‘लांडगा’ म्हटलं आहे. म्हणजे लांडगी म्हणजे लोभ, हे पक्कं.

ठिपकेदार कातडीच्या चपळ जनावराबद्दल, मूळ इटालियनमधल्या ‘लोंझा’बद्दल, तसं म्हणता येत नाही. जुने टीकाकार तिला वासना म्हणतात. पण ‘इन्फेर्नो’च्या सोळाव्या सर्गात दान्ते सांगतो की कमरेच्या दोरानं आपण एकदा तिला पकडू पाहत होतो. तोच दोर दान्तेचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, दरीत फेकतो आणि वर येतो गेरिओन हा राक्षस: चेहरा सज्जनाचा, धड सापाचं, अंगावर रंगीत गाठी आणि वर्तुळं. तो कपटाची मूर्ती आहे, म्हणून काहींना लोंझाही कपट वाटते. मला इथे निकाल देणं घाईचं वाटतं. ती नक्षीदार कातडी लक्षात ठेवून पुढे वाचणं बरं. तिन्ही जनावरं मिळून बायबलमधल्या यिर्मयाच्या पाचव्या अध्यायातून आली आहेत, हे मात्र सहज तपासता येतं.

कधी बेस्टियरीपेक्षा नकाशा कामाला येतो. ‘पुर्गातोरिओ’च्या चौदाव्या सर्गात आर्नो नदीकाठचे लोक जनावरं झाले आहेत: कासेन्तिनोत डुकरं, आरेत्सोत कुवतीपेक्षा जास्त गुरगुरणारी कुत्री, फ्लोरेन्समध्ये लांडगे, पिसात कोल्हे. आरेत्सोजवळ नदी तुच्छतेनं तोंड फिरवते, असं दान्ते लिहितो. आर्नो तिथे खरोखरच मोठं वळण घेते. हा सर्ग नकाशा समोर ठेवूनच वाचा, त्यातला राग तेव्हाच नीट कळतो.

दान्तेनंतरचा इटालियन कवी पेत्रार्क याच्या ‘कान्त्सोनिएरे’ या संग्रहातल्या 190व्या कवितेतल्या शुभ्र हरिणीला सोन्याची शिंगं आहेत. हरिणीला शिंगं कशी, यात अडकू नका. तिच्या गळ्यात हिरे आणि पुष्कराज आहेत, म्हणून इथे त्या काळच्या रत्नांच्या पोथ्या पाहाव्या लागतात: हिरा अढळपणाचा, पुष्कराज शुचितेचा.