ज्यांनी ठरवले नव्हते त्यांचेही पाळणे थांबले

ब्रिटनमधील जन्मदर १८७० च्या दशकानंतर उतरू लागला आणि १९३० च्या दशकापर्यंत निम्म्याहूनही खाली आला. याचे श्रेय सहसा विचारपूर्वक लहान कुटुंब ठेवणाऱ्या जोडप्यांना दिले जाते आणि ते बऱ्याच अंशी रास्तही आहे. मात्र ज्या घरांत पाळणा हललाच नाही, किंवा एकदाच हलून थांबला, त्या सर्वांनी तसे ठरवले होते, हे मला पटत नाही.

तेथील पुरुषांची लग्ने सरासरी पंचविशी उलटल्यावर होत, आणि त्याआधीच्या वर्षांत शहरांतील, बंदरांतील व लष्करी छावण्यांजवळील वेश्यावस्त्यांतून परमा (गनोरिया) आणि गरमी (सिफिलिस) हे रोग अनेकांना जडत. परम्याची जळजळ काही आठवड्यांत ओसरली की पुरुष स्वतःला बरा समजून बोहल्यावर चढे. बायकोला पुष्कळदा सुरुवातीला काहीच जाणवत नसे. पण जंतू गर्भाशयातून बीजवाहिन्यांत शिरून तेथे सूज आणत आणि व्रण भरताना वाट कायमची बुजे. बाळंतपणानंतरच्या दिवसांत जंतूंना वर चढणे अधिक सोपे जाई, म्हणून पहिले मूल सुखरूप झाल्यावर पुढे कूस न उजवणाऱ्या स्त्रियाही डॉक्टरांना दिसत. न्यूयॉर्कमधील जर्मन डॉक्टर एमिल नोएगेराट यांनी १८७२ मध्ये हा संबंध मांडला, तेव्हा त्यांची टिंगल झाली. परम्याचा जंतू जर्मन डॉक्टर नाइसर यांना १८७९ मध्ये सापडला. तोवर आणि त्यानंतरही वांझपणाचा ठपका बायकोवरच बसे, आणि नवऱ्याचा आजार ठाऊक असलेले डॉक्टरही अनेकदा तिच्याजवळ तोंड उघडत नसत.

गरमीची तऱ्हा निराळी होती. तिने गर्भ राहणे फारसे अडत नसे. तो टिकत नसे. आधी गर्भपात, मग मृत बालक, मग रोग घेऊन जन्मलेले मूल आणि कालांतराने एखादे निरोगी मूल, असा क्रम अनेक घरांत दिसे.

१९११ च्या जनगणनेत विवाहित स्त्रियांबाबत लग्नाची वर्षे, जिवंत जन्मलेली मुले आणि त्यांपैकी हयात व मृत किती, एवढेच विचारले होते. त्यामुळे गर्भपात आणि मृतजन्म यांना त्या तक्त्यात जागाच नव्हती. इंग्लंड-वेल्समध्ये मृतजन्मांची नोंदणी सुरू झाली ती १९२७ मध्ये. एवढ्या अपुऱ्या नोंदींवरून ‘नको होते’ आणि ‘झाले नाही’ यांतला फरक कोणी कसा करावा?

सरकारने १९१३ मध्ये गुप्तरोगांवर शाही आयोग नेमला. अध्यक्ष होते लॉर्ड सिडनहॅम, म्हणजे नुकतेच मुंबईच्या गव्हर्नरपदावरून परतलेले जॉर्ज क्लार्क. सिडनहॅम कॉलेज त्यांच्याच नावाचे. मोठ्या शहरांत गरमीची लागण झालेले लोक दहा टक्क्यांहून कमी नसावेत आणि परम्याचे प्रमाण त्याहून बरेच जास्त असावे, असा आयोगाचा १९१६ मधील अंदाज होता. त्यानंतर मोफत आणि गोपनीय उपचारांची केंद्रे निघाली. गरमीवर तेव्हा साल्व्हरसान हे औषध उपलब्ध होते. परम्याला मात्र १९३० च्या दशकातील सल्फा औषधांपर्यंत औषधी पाण्याने धुण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता, आणि ज्या बायकांच्या बीजवाहिन्या आधीच बुजल्या होत्या त्यांना पुढे आलेल्या पेनिसिलिनचाही उपयोग नव्हता.