इव्हेंट १७ चा छडा लागला: खोट राइजर केबलमध्ये

माझा पीसी मधेच हँग होत होता; ग्राफिक्स कार्ड राइजरवर, म्हणजे कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या केबलवर, बसवलंय. कारण शोधताना मागच्या अपडेटपर्यंत रॅम संशयातून सुटली होती. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ स्वच्छ, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करूनही हँग तसंच. त्यानंतर मित्राचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावून पाहिला. तरी तेच: माउस जागच्या जागी थिजतो, आवाज अडकून घरघरत राहतो आणि पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. आता मात्र दोष हाती लागलाय!

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या भागाच्या) पिवळ्या वॉर्निंग्जची रीघ लागली होती. इव्हेंट १७, 'करेक्टेड हार्डवेअर एरर'. 'करेक्टेड' आहे म्हणून बरेच जण काणाडोळा करतात, मला ते अजिबात पटत नाही. पीसीआय एक्स्प्रेसवर (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी वगैरे ज्या मार्गाने जोडलेले असतात त्यावर) डेटा खराब पोचला की तो पुन्हा मागवला जातो आणि अशी नोंद पडते. एखादी पडली तर ठीक, पण रीघ लागली तर लिंकमध्येच काहीतरी बिघडलंय.

डिटेल्समध्ये बस-डिव्हाइस-फंक्शन (कुठला पोर्ट ते सांगणारा पत्ता) बघितलं: ०:१:०. बाराव्या पिढीच्या इंटेलवर सीपीयूला थेट जोडलेल्या एनव्हीएमई एसएसडीचा पोर्ट ०:६:० वर असतो. म्हणजे एसएसडी सुटला, उरला ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट.

मग एचडब्ल्यूइन्फोचा एरर काउंटर आणि कार्डाच्या लिंकचा वेग दाखवणारं जीपीयू-झेड शेजारी शेजारी उघडले. कार्ड रिकामं असताना लिंक पीसीआय एक्स्प्रेस १.१ च्या कमी वेगावर उतरलेली, काउंटर गप्प. रेंडर टेस्ट सुरू केली, लिंक ४.० वर चढली आणि आकडा धावत सुटला. लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट (रिकामी लिंक झोपवून वीज वाचवणारी सेटिंग) बंद करण्याचा नेहमीचा सल्लाही करून पाहिला, काही फरक नाही. एरर पूर्ण वेगातच येत असतील तर पडणार तरी कसा?

राइजर काढून कार्ड थेट बोर्डात बसवलं: ४.० वर शून्य एरर. पुन्हा राइजर लावून बायोसमध्ये स्लॉट 'ऑटो'वरून 'जेन ३' (म्हणजे ३.०) केला: तरीही शून्य. रात्रभर लोड चालवला, सकाळी काउंटर शून्यावरच. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

म्हणजे ही केबल प्रत्येक लेनमागे (डेटाच्या वाटेमागे) ८ जीटी/सेकंद, म्हणजे सेकंदाला ८ अब्ज ट्रान्सफर, पेलते, १६ नाही. खोक्यावर मात्र ठळक ४.० छापलंय. माझं मत आता पक्कं आहे: राइजर घ्यायचा तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, जो दुकानदार काउंटरवर लावून दाखवेल त्याच्याकडूनच.

नवी केबल घ्यायचं ठरवलंच होतं, पण लिहिता लिहिता वाटतंय, घाई नको. जेन ३ ला १६ लेनवर सेकंदाला सुमारे १६ जीबी मिळतात, माझ्या आरटीएक्स ३०७० कार्डाला तेवढं पुष्कळ. (४०६० सारखं ८ लेनचं कार्ड असेल तर हा हिशेब लागू नाही.) शिवाय केबल कार्डामागे जवळजवळ काटकोनात दुमडली गेलीय. आधी ब्रॅकेट सरकवून तिला मोठा बाक देतो आणि जेन ४ वर काउंटर पुन्हा बघतो. व्हर्टिकल माउंटवर कुणाची केबल जेन ४ ला टिकत असेल, तर तिची लांबी नक्की कळवा.