उत्खननातील एक दिवस आणि चार घमेली माती

पुरातत्त्वीय उत्खननाच्या माझ्या पहिल्या मोसमात माझ्या वाट्याला पाच मीटर लांबी-रुंदीच्या एका चौकोनाचा नैऋत्य कोपरा आला होता. दोन चौकोनांमध्ये एक मीटर रुंदीचा मातीचा बांध न खोदता राखलेला होता. थरांचा उभा छेद सतत डोळ्यांसमोर राहावा यासाठी असे बांध ठेवण्याची पद्धत ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी रूढ केली आणि १९४४ मध्ये तक्षशिलेच्या प्रशिक्षण वर्गात ती विद्यार्थ्यांना शिकवली, हे मला पाठ होते. मात्र बांधाकडे पाहायचे असते, हे त्या दिवशी मी विसरलो.

सकाळी लेव्हल या उपकरणाने उंची घेऊन झाल्यावर चोपलेल्या मातीच्या एका जमिनीवरचा थर करणीने खरवडण्याचे काम मला दिले गेले. तासाभराने कोपऱ्यातील माती मऊ लागू लागली. ओल असेल असे समजून मी उलट अधिक वेगाने हात चालवला, कारण मऊ माती निघताना काम झाल्याचे समाधान मोठे असते. चार घमेली भरून चाळणीकडे गेली आणि तिकडून हाक आली. हाताने घडवलेल्या जाड खापरांत चाकावर घडवलेली पातळ खापरे मिसळलेली होती.

आमच्या चौकोनाचे काम पाहणाऱ्या बाईंनी सगळ्यांना हात थांबवायला सांगितले आणि कोपऱ्यावर फवाऱ्याने पाणी मारले. ओली माती सुकू लागताना सभोवतालची जागा आधी उजळली आणि मधोमध एक काळसर चंद्रकोर तशीच राहिली. ती एका खड्ड्याची कड होती. नंतरच्या काळातील कोणीतरी वरच्या थरातून हा खड्डा जमिनीच्या आरपार खणला होता, आणि बांधाच्या छेदात त्याची उतरती रेघ आदल्या दिवसापासून दिसत होती.

पुढचा सगळा दिवस त्या खड्ड्यात गेला. त्याला स्वतंत्र क्रमांक दिला, मधोमध दोरी ताणून आधी अर्धाच भाग रिकामा केला आणि उरलेल्या अर्ध्या भरावाचा छेद १:१० प्रमाणात काढला. उत्तर दिशेचा बाण व मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घेतली. मातीचा रंग मुन्सेलच्या रंगपुस्तिकेशी, म्हणजे क्रमांक दिलेल्या रंगनमुन्यांशी, ताडून पाहताना माती ओली हवी आणि डोळ्यांवर काळा चष्मा नको. नमुन्याचा क्रमांक रंगछटा, उजळपणा आणि रंगाची तीव्रता सांगतो. भराव ‘१० वायआर ३/२’, बाहेरची माती ‘१० वायआर ५/४’. बाहेरच्या मातीच्या क्रमांकावरून आमचा दहा मिनिटे वाद झाला, हे सांगायला हरकत नाही.

तळाशी बोराएवढा कोळसा सापडला. तो बोटांनी न उचलता करणीच्या टोकाने अॅल्युमिनियमच्या कागदात घेतला. किरणोत्सारी कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाल (तो निम्मा उरण्यास लागणारा काळ) सुमारे ५७३० वर्षांचा असल्याने अशा तुकड्यावरून लाकडाचा काळ काढता येतो. पण हा कोळसा मी सकाळी जमिनीवरच्या थराच्या पिशवीत टाकला असता, तर खड्ड्याचा काळ जमिनीच्या नावावर लागला असता. माझ्या चार घमेल्यांचे नेमके तेच झाले होते. त्यांतील खापरे वेगळी करता येतील का, असे मी विचारले. खापर कोणत्या घडणीचे ते ओळखता येते, परंतु ते कोणत्या मातीतून निघाले ते आता सांगता येणार नाही, असे बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीच्या चिठ्ठीवर ‘मिश्र’ असे लिहायला लावले.

संध्याकाळी खापरे धुऊन वाळत टाकल्यावर मी नोंदवही लिहायला बसलो. माझी चूक वेळ आणि खोलीसह लिहावी लागली. बाईंनी ती वाचून खाली सही केली. आराखड्यात खड्ड्याची कड सलग रेषेने काढली, पण मी खणून टाकलेला भाग तुटक रेषेने दाखवणे भाग होते. ती तुटक रेषा ३५ सेंटीमीटर लांबीची आहे.